विजेरी की बंदूक?

शाळेतील स्नेहसंमेलनाची आठवण निघाली की माझ्या डोळ्यांपुढे रंगमंच उभा राहत नाही. उभा राहतो तो रंगमंचाच्या डाव्या बाजूचा अंधारा कोपरा. मी नववीत असताना आमच्या वर्गाने एक भयनाटिका बसवली होती, आणि पाठांतराच्या नावाने माझा आनंदीआनंद असल्यामुळे माझी नेमणूक दिव्यांच्या बटणांपाशी झाली होती. नाटिकेत एका ओसाड वाड्यातले भूत होते. ते भूत म्हणजे आमच्याच वर्गातील एक उंच मुलगा. अंगावर पांढरी चादर, तोंडाला पिठाचा लेप आणि हातात कागदाची कवटी असा त्याचा सगळा थाट! तालमीच्या पहिल्याच दिवशी हे भूत रंगमंचावर अवतरले आणि पाहायला जमलेली पाचवीची मुले पोट धरधरून हसली.

तालमी घेणारे आमचे मराठीचे गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी भुताला नाटिकेतूनच रजा दिली! मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "अरे, मोठे दिवे सगळे बंद कर. टेबलावरचा कंदील तेवढा राहू दे. आणि ते मागचे दार आहे ना, ते बोटभर उघडे ठेव." संमेलनाच्या रात्री प्रेक्षकांना भूत दिसलेच नाही. त्यांना दिसले ते बोटभर उघडे दार, आणि कंदील उचलून त्या दाराकडे जावे की उजेडात जागच्या जागी बसून राहावे या विवंचनेत पडलेला एक मुलगा. पाचवीची तीच मुले त्या रात्री एकमेकांचे हात घट्ट धरून बसली होती.

गुरुजींनी त्या दिवशी आम्हांला काय शिकवले याचा पुरता उलगडा मला पुढे काही वर्षांनी झाला, आणि तोही एका व्हिडिओ गेमपुढे बसलो असताना. व्हिडिओ गेमचे नाव शाळेच्या वार्षिकात पाहून काही वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळी आठ्या पडतील, हे मी जाणून आहे. परंतु ज्या विषयात आपली मुले आपला फावला वेळ घालवतात, त्या विषयाचा विचारच करावयाचा नाही, हे धोरण मला शहाणपणाचे वाटत नाही. निबंधाचा, नाटकाचा किंवा चित्राचा जसा आपण गुणदोषविचार करतो, तसाच तो खेळाचाही करता येतो, एवढेच या लेखात दाखवावे असा माझा हेतू आहे.

प्रथम या खेळाची जात सांगतो. व्याकरणात आपण तीन पुरुष शिकतो. त्यांतला 'मी' हा प्रथम पुरुष. संगणकावरील काही खेळांत आपले पात्र आपल्याला बाहेरून, बाहुलीसारखे दिसते. परंतु एका प्रकारात पात्र दिसतच नाही. त्याच्या डोळ्यांनी आपण पाहतो आणि पडद्याच्या खालच्या कडेला त्याच्या हातातील शस्त्र तेवढे दिसते. हे प्रथमपुरुषी नेमबाजीचे खेळ. यांतच भयकथेचा रंग मिसळला की भयाचा नेमबाजीचा खेळ तयार होतो. मी ज्याविषयी लिहिणार आहे तो 'डूम ३' हा खेळ या जातीचा असून अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या 'इड सॉफ्टवेअर' या संस्थेने तो २००४ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध केला. त्यात रक्तपात पुष्कळ आहे आणि अमेरिकेतील वर्गीकरण मंडळाने तो १७ वर्षे व त्यावरील वयासाठीच योग्य ठरवला आहे. मी तो महाविद्यालयात गेल्यावर, एका मित्राच्या खोलीवर खेळलो. धाकट्या विद्यार्थिमित्रांनी तो शोधत बसावे असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. त्यातील मांडणीचा विचार मात्र न खेळताही करता येईल.

याच संस्थेचा पहिला 'डूम' १९९३ च्या डिसेंबरात आला होता. त्या काळच्या संगणकांची शक्ती तुटपुंजी, चित्रे ओबडधोबड. तथापि त्यातसुद्धा मधूनच लुकलुकणारे दिवे, अर्ध्या अंधाराच्या खोल्या आणि भिंतीपलीकडून येणारी न दिसणाऱ्या राक्षसाची गुरगुर होती. मात्र त्याचा खरा आनंद वेगात होता: धावावे, बार काढावा, पुढे जावे. 'डूम ३' ने कथा तीच घेतली, पण चाल पार बदलली. इ. स. २१४५ मध्ये मंगळ ग्रहावर एका बलाढ्य कंपनीचे संशोधनकेंद्र आहे. तेथे एक निनावी सैनिक नव्याने रुजू होतो. तो सैनिक म्हणजे आपण. तेथील प्रयोगांतून नरकाचे दार उघडते आणि माणसांची भुते होतात, एवढेच कथानक. ते काही असामान्य नाही. एखाद्या स्वस्त कादंबरीतही ते सापडेल. असामान्य आहे ती ते सांगण्याची रीत.

खेळाच्या आरंभी बराच वेळ काहीच घडत नाही. आपण यानातून उतरतो, नोंदणीच्या खिडकीशी थांबतो, लोकांची बोलणी ऐकतो. कोणी कामाला कंटाळलेला असतो, कोणी खालच्या मजल्यांवर विचित्र आवाज येतात म्हणून कुजबुजत असतो. एक शास्त्रज्ञ बेपत्ता झाला आहे, त्याला शोधून आण, असा हुकूम आपल्याला मिळतो. ज्या मार्गाने आपण उजेडात, माणसांमधून चालत गेलो, त्याच मार्गाने पुढे अंधारात, प्रेतांमधून परत यावे लागते. अनर्थ पाहण्यापूर्वी घर पाहिलेले असावे लागते. तरच घर उजाडल्याचे दुःख होते. खेळ करणाऱ्यांनी हे ओळखले आणि नेमबाजीसाठी उतावीळ झालेल्या खेळाडूला आधी मुकाट्याने चालायला लावले, ही त्यांची पहिली हुशारी.

दुसरी हुशारी अंधाराची. त्यापूर्वीच्या बहुतेक खेळांत खोलीतला उजेड आधीच हिशेब करून भिंतींवर जणू रंगवून ठेवलेला असे; दिवा हलला तरी सावली हलत नसे. 'डूम ३' साठी जॉन कारमॅक या प्रोग्रामरने जी यंत्रणा रचली, तिच्यात बहुतेक दिव्यांचा उजेड आणि त्यांनी पडणाऱ्या सावल्या यांचा हिशेब संगणक खेळ चालू असतानाच क्षणोक्षणी करतो. दिवा झोके खाऊ लागला की सगळ्या खोलीच्या सावल्या झोके खातात. कोपऱ्यापलीकडच्या प्राण्याच्या आधी त्याची सावली भिंतीवरून सरकत येते. जेथे दिव्याचा उजेड पोचत नाही, तेथे काळोखही अर्धवट नसतो, तो काजळासारखा दाट असतो. यंत्राची ही करामत निव्वळ देखाव्यासाठी वापरता आली असती. येथे ती खेळाडूचे डोळे काढून घेण्यासाठी वापरली आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. या काळोखात खेळाडूला एक विजेरी दिलेली असते. तिचा झोत अरुंद असतो. तो जेथे पडेल तेवढेच जग दिसते. परंतु सैनिकाच्या हाती एका वेळी एकच वस्तू राहू शकते. विजेरी धरली तर बंदूक नाही आणि बंदूक उचलली तर विजेरी नाही. फार तर विजेरीनेच एखादा टोला हाणता येतो. काळोख्या खोलीच्या तोंडाशी आपण उभे असतो. आत कोणी तरी घोगऱ्या आवाजाने श्वास घेत आहे. विजेरी लावली तर तो दिसेल, पण मारता येणार नाही. बंदूक रोखली तर मारता येईल, पण कोणाला आणि कोठे? विजेरीच्या झोतात एक विद्रूप चेहरा क्षणभर दिसतो, आपण घाईघाईने बंदूक घेतो आणि त्याच क्षणी तो चेहरा काळोखात बुडतो. मग जेथे तो दिसला होता तेथे, केवळ आठवणीच्या भरवशावर, बार काढावयाचा! मला वाटते, या खेळातील सर्व राक्षस मिळून जेवढे भय निर्माण करीत नाहीत, तेवढे हा एक साधा नियम निर्माण करतो. कंदील उचलावा की जागी बसावे, या आमच्या नाटिकेतील मुलाच्या विवंचनेचीच ही थोरली बहीण.

या खेळातील एक प्रसंग मला विशेष आठवतो. वीज गेलेल्या प्रयोगशाळेतून वाट काढावयाची असते आणि एक शास्त्रज्ञ हातात दिवा घेऊन आपल्यापुढे चालू लागतो. आता दिवा त्याच्या हाती आणि बंदूक आपल्या हाती. दोन्ही गोष्टी एकदाच्या लाभल्या म्हणून सुटकेचा निःश्वास टाकावा, तो ध्यानात येते की आपला उजेड आता एका भित्र्या, दुबळ्या माणसाच्या जिवावर अवलंबून आहे. तो थांबला की आपण थांबतो. तो चालू लागला की त्याच्या उजेडाच्या वर्तुळाबाहेर पडू नये म्हणून आपणही पावले उचलतो. इतर वेळी ज्या पात्राकडे आपण ढुंकूनही पाहिले नसते, त्याची येथे पोटच्या पोरासारखी काळजी वाटू लागते. ही माया संवादांनी उत्पन्न केलेली नाही. ती एका दिव्याच्या जागेने उत्पन्न केली आहे.

उजेडाइतकेच काम आवाजही करतो. नळांतून सुटणारी वाफ, यंत्रांची अखंड घरघर, दूर कोठे तरी धातूवर धातू आपटल्याचा नाद, मधूनच ऐकू येणारी कुजबूज आणि हास्य. कोणता आवाज यंत्राचा आणि कोणता जिवंत प्राण्याचा हे ठरवता ठरवता कान थकून जातात. मेलेल्या कर्मचाऱ्यांची छोटी खिशातली यंत्रे वाटेत सापडतात आणि त्यांत त्यांनी बोलून ठेवलेल्या नोंदी ऐकता येतात. कोणी वरिष्ठांकडे तक्रार केलेली असते, कोणी बदली मागितलेली असते. कपाटे उघडण्याचे सांकेतिक आकडेही याच नोंदींत असल्यामुळे खेळाडूला त्या ऐकाव्याच लागतात. भरल्या संसाराच्या गोष्टी मेलेल्यांच्या तोंडून ऐकत आपण रिकाम्या दालनांतून चालत राहतो. एका स्नानगृहात आरसा आहे. त्यात पाहावे तो आपलाच चेहरा क्षणभर प्रेतासारखा दिसतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. तेथे कोणीही आपल्यावर हल्ला करीत नाही. पण ज्याच्या डोळ्यांनी आपण इतका वेळ पाहत होतो, त्या डोळ्यांवरचाच विश्वास उडतो.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्राची या ठिकाणी आठवण होते. भरताच्या नाट्यशास्त्रात जे आठ रस सांगितले आहेत त्यांत भयानक हा एक आहे, आणि त्याची कारणे सांगताना भुताखेतांच्या दर्शनाबरोबरच विकृत आवाज, ओसाड घर आणि अरण्य यांचीही गणना केलेली आहे. पुढच्या शास्त्रकारांनी रसाच्या कारणांचे दोन भाग मानले: ज्याच्यामुळे भाव उत्पन्न होतो तो आलंबन विभाव, आणि जी परिस्थिती तो भाव पेटवते ती उद्दीपन विभाव. या परिभाषेत सांगावयाचे तर राक्षस हे आलंबन. अंधार, आवाज आणि एकटेपणा हे उद्दीपन. आमच्या नाटिकेतले चादर पांघरलेले भूत हे उद्दीपनावाचूनचे आलंबन होते, म्हणून त्याचे हसे झाले. बोटभर उघडे दार हे निव्वळ उद्दीपन होते आणि तेवढ्याने काम भागले. शेकडो वर्षांपूर्वी रंगभूमीसाठी केलेला हा विचार आजच्या संगणकाच्या पडद्यालाही लागू पडावा, यात मला तरी नवल वाटत नाही. पडदा बदलला, त्याच्यापुढे बसलेला माणूस तोच आहे.

मात्र एका बाबतीत खेळ हा नाटकाहून आणि कथेहून निराळा आहे. आपल्याकडे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा व गूढकथा वाचून रात्री पाणी प्यायला उठण्याची ज्यांची छाती झाली नाही, असे वाचक घरोघरी सापडतील. परंतु कथेतला नायक तळघराची पायरी उतरतो तेव्हा ती त्याची चूक असते. आपण फक्त मनातल्या मनात "नको रे उतरू" असे म्हणत असतो. खेळात ती पायरी आपणच उतरतो. आपले बोट हालले नाही तर गोष्टही हालत नाही. त्यामुळे भयाच्या खेळात सर्वांत मोठा प्रश्न 'पुढे काय होईल' हा नसून 'मी आता काय करू' हा असतो. विजेरी आणि बंदूक यांतून एकीची निवड करावयास लावणारा नियम म्हणूनच मला एखाद्या उत्तम वाक्यासारखा वाटतो. कथाकार जे शब्दांनी करतो, ते येथे नियमाने केले आहे.

पण लोकांना हा नियम रुचला नाही! खेळ बाजारात येताच तक्रारींचा वर्षाव झाला. इ. स. २१४५ मध्ये मंगळावर वस्ती करणाऱ्या माणसांना विजेरी बंदुकीला बांधण्यापुरती एक चिकटपट्टी मिळू नये काय, असा खवचट सवाल पुष्कळांनी केला. थोड्याच दिवसांत एका हौशी खेळाडूने खेळात फेरबदल करून खरोखरच बंदुकीला विजेरी जोडून दिली आणि त्या फेरबदलाला चिकटपट्टीचेच नाव दिले. पुढे २०१२ मध्ये संस्थेने या खेळाची 'बीएफजी एडिशन' नावाची नवी आवृत्ती काढली, तेव्हा विजेरी सैनिकाच्या चिलखतावरच बसवली. आता बंदूक हाती असतानाही उजेड पाडता येऊ लागला; फक्त विजेरीची वीज थोड्या वेळाने संपे आणि पुन्हा आपोआप भरे. लोकमताचा विजय झाला. माझे मत असे, की या विजयात खेळाचा पराजय झाला.

विरुद्ध पक्षाचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. त्यांचा पहिला आक्षेप असा की हा नियम वास्तवाला सोडून आहे. आक्षेप खरा आहे. पण तो लागू पडत नाही. हुतूतूत चढाई करणाऱ्याने दम का धरावयाचा? शत्रूच्या गोटात शिरणाऱ्या कोणत्या वीराने आजवर श्वास रोखून एकच शब्द घोकला आहे? वास्तवाच्या काट्यावर तोलले तर तो नियम हास्यास्पद ठरेल. परंतु दम धरण्याची अट काढून टाका, आणि पाहा हुतूतूचे काय उरते ते! नुसती झोंबाझोंबी उरेल. प्रत्येक खेळ एखाद्या अडचणीभोवती उभा असतो. ती अडचण खरी वाटते की नाही, यापेक्षा ती आपल्याकडून काय करवून घेते, हा प्रश्न महत्त्वाचा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खेळाडूचे हात बांधून त्याला भिववण्यात कसली आली आहे कला? ती तर नुसती गैरसोय, असे हे लोक म्हणतात. गैरसोय आणि अडचण यांत मी एक भेद करतो. दाराची कडी गंजल्यामुळे उघडत नाही, ही गैरसोय. तिच्याशी झगडताना मनात चरफड होते, विचार होत नाही. दार उघडावे की उघडू नये अशी स्थिती असते ती अडचण. तिच्यात माणसाचा कस लागतो. विजेरीचा नियम दर खोलीच्या उंबरठ्यावर खेळाडूला विचारतो, 'तुला आता काय हवे? ज्ञान की बळ?' आणि दर वेळी उत्तर निराळे द्यावे लागते. नव्या आवृत्तीत हा प्रश्न उरला नाही. विजेरीची वीज संपण्याची अट घातली खरी, पण तिने विचारलेला प्रश्न एवढाच की आणखी किती वेळ थांबावे. तो घड्याळाचा प्रश्न आहे, मनाचा नाही.

याचा अर्थ मूळ 'डूम ३' निर्दोष आहे असे मात्र नव्हे, आणि आवडत्या कृतीचे दोष झाकणे हे टीकेला शोभणारे नाही. पहिल्या काही तासांत जे भय अंगावर काटा आणते, तेच पुढे ओळखीचे होऊन बसते. एखाद्या कोपऱ्यात चिलखत किंवा औषधाची पेटी दिसावी, ती उचलावी, आणि लगेच पाठीमागची भिंत सरकून राक्षसाने बाहेर यावे, हा प्रकार इतक्या वेळा होतो की खेळाडू पेटी उचलण्यापूर्वीच पाठ भिंतीला लावून उभा राहतो. दचकणे वेगळे आणि भिणे वेगळे. दचकवणे कोणालाही साधते. त्याला फटाकाही पुरतो. पण तोच फटाका दहा वेळा वाजला की अकराव्या वेळी माणूस कानावर हातही ठेवत नाही. आमच्या गुरुजींनी ते दार सबंध नाटिकेत एकदाच हालू दिले होते. दुसऱ्यांदा हालले असते तर पाचवीची मुले पुन्हा हसली असती. वातावरण हा ठेवा आहे; तो मोजून खर्च केला पाहिजे. हा हिशेब 'डूम ३' च्या कर्त्यांना अखेरपर्यंत सांभाळता आला नाही.

तो हिशेब कसा सांभाळावा याचे एक चांगले उदाहरण त्यानंतर दहा वर्षांनी पाहावयास मिळाले. इंग्लंडमधील 'क्रिएटिव्ह असेंब्ली' या संस्थेने २०१४ मध्ये 'एलियन: आयसोलेशन' हा खेळ काढला. १९७९ च्या 'एलियन' या चित्रपटातील घटनांनंतर पंधरा वर्षांनी, त्या चित्रपटाच्या नायिकेची मुलगी आईचा शोध घेत एका मोडकळीला आलेल्या अंतराळस्थानकावर येते, अशी त्याची कथा. येथेही आपण तिच्या डोळ्यांनीच पाहतो, पण नेमबाजी जवळजवळ नाही. कारण त्या स्थानकावर हिंडणारा परग्रहावरचा प्राणी कशानेही मरत नाही. त्याच्यापासून लपावयाचे, एवढेच आपल्या हाती. त्यासाठी हालचाल टिपणारे एक यंत्र दिलेले असते. आणि पाहा, पुन्हा तीच जुनी कोंडी! यंत्राच्या पडद्याकडे नजर लावली की समोरचे जग धूसर होते, आणि जगाकडे नजर लावली की यंत्रावरचा ठिपका धूसर होतो. शिवाय त्या यंत्राची टिकटिक प्राण्याच्या कानावर गेली तर तोच शोधत येतो. ज्या साधनाने शत्रू कळतो, त्याच साधनाने आपणही शत्रूला कळतो. खेळ मध्येच जतन करून ठेवावयाचा तर भिंतीवरच्या एका यंत्रापाशी जाऊन काही क्षण ताटकळावे लागते, आणि त्या क्षणांतही प्राणी थांबत नाही. 'डूम ३' मध्ये भिंतीआड दबा धरून बसवलेले राक्षस ठरल्या जागी भेटतात; येथला प्राणी खेळाडूच्या चाहुलीवर आपली वाट बदलतो, म्हणून त्याची सवय होत नाही. ज्यांना विजेरीचा नियम ही एक लहर वाटली, त्यांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावे.

आता शेवटचा आणि सर्वांत गंभीर आक्षेप. हा आक्षेप खेळाडूंचा नाही, घरातल्या वडील मंडळींचा आहे. खऱ्या जगात भ्यावयाच्या गोष्टी काय थोड्या आहेत, म्हणून पोरांनी खोटे भय विकत घ्यावे? लहान वयाच्या मुलांपुरता हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, आणि वयाची अट पाळली गेलीच पाहिजे. परंतु जाणत्या माणसाला भयाच्या कलाकृतीतून एक गोष्ट मिळते, ती अशी: भय म्हणजे पुष्कळदा बाहेरची वस्तू नसते; आपल्याला न दिसणाऱ्या जागेत आपलेच मन जे चितारते ते भय. काळोख्या खोलीच्या उंबरठ्यावर उभे राहून 'आधी पाहीन, मग काय ते करीन' असे ज्याने एकदा ठरवले, त्याला स्वतःविषयी काही तरी कळलेले असते. त्या मित्राच्या खोलीवर माझ्या ध्यानात आले की मी बहुधा बंदूकच आधी उचलतो. न पाहता बार काढण्याची माझी ही खोड खेळापुरतीच नव्हती, हेही मला हळूहळू उमगले. वादात दुसऱ्याचे म्हणणे पुरते ऐकण्यापूर्वीच मी उत्तर देऊन मोकळा होत असे. तेव्हापासून विजेरी आधी उचलण्याचा प्रयत्न करतो. तो दर वेळी साधतोच असे नाही!

म्हणून माझे सांगणे दुहेरी आहे. जे खेळतात, वाचतात, पाहतात, त्यांनी सोयीची मागणी करताना जरा थांबावे. कर्त्याने जे आपल्यापासून राखून ठेवले आहे, ते कंजूषपणाने राखले आहे की विचाराने, हे आधी तपासावे. गंजलेली कडी असेल तर अवश्य तक्रार करावी. पण बोटभर उघडे दार कर्त्याने हेतुपूर्वक ठेवले असेल, तर ते सताड उघडण्याचा हट्ट धरू नये. आणि जे काही निर्माण करतात, मग तो संगणकावरचा खेळ असो की शाळेतली नाटिका, त्यांनी लोकांच्या टाळ्यांइतकाच त्यांच्या कुरकुरीचाही अर्थ लावण्यास शिकावे. पुष्कळदा लोक ज्या गोष्टीविषयी कुरकुर करतात, तीच त्यांच्या मनात सर्वांत खोल रुतलेली असते. 'डूम ३' मधील राक्षसांची नावे आज मला आठवत नाहीत. विजेरी आठवते.

विद्यार्थिमित्रहो, यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी तुमच्यापैकी कोणी भयनाटिका बसवणार असेल, तर माझी एक विनंती आहे. चादर, पीठ आणि कवटी यांचा खर्च वाचवा. एक कंदील मिळवा, एक दार मिळवा, आणि दिव्यांच्या बटणांपाशी असा मुलगा बसवा की ज्याला अंधार पाडण्याची घाई नाही. पुढचे काम प्रेक्षक आपापल्या मनात स्वतःच करतील.